तीन भिंतींची खोली

पत्रांच्या बाबतीत तो काटेकोर माणूस. लग्नपत्रिका आली तरी चार ओळी लिहून शुभेच्छा पाठवायचा. विमा कंपनीनं वाढदिवसाचं छापील कार्ड धाडलं तर त्याचेही आभार मानायचा, आणि भावजी त्यावरून त्याची टर उडवायचे, की ह्याच्या पेटीत चुकून शेजाऱ्याचं विजेचं बिल पडलं तर हा त्यालाही ‘आपले पत्र पावले’ म्हणून कळवील. अशा माणसानं उभ्या आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि ते पत्र सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं. ताई राहायची बसनं चार थांब्यांवर. मनात आणलं असतं तर येऊन विचारून गेली असती. पण ज्या गोष्टी खरोखर हव्या असत त्या ती लिहूनच मागायची. नळाला पाणी येत नाही म्हणून पाणीखात्याला, जिन्यातला दिवा गेला म्हणून घरमालकाला, तसंच त्यालाही. त्या वर्षी तो मोठा झाला होता, सिनेमाला बक्षीस मिळालं होतं, पेपरात ‘कलादिग्दर्शक’ या शब्दाखाली त्याचा फोटो आला होता. मोठ्या माणसाकडे अर्ज करायचा तो लेखी करावा, असं तिला वाटलं असणार. मूळ कागद कधीच हरवला. दोन घरं बदलण्यात आणि पुस्तकांची खोकी इकडची तिकडे होण्यात तो कुठे गेला देव जाणे. पण मजकूर त्याला पाठ होता, किंवा पाठ आहे असं वाटायचं. इतक्या वर्षांत त्यातले कोणते शब्द तिचे आणि कोणते आपण घातलेले, याची त्याला आता खात्री नव्हती. ‘प्रिय बाळ, सिनेमा पाहिला. आपली खोली लगेच ओळखली, ह्यांनीसुद्धा. छत तू बरंच खाली आणलंस, त्यावर हे काही बोलले नाहीत. पण मोरीच्या बाजूच्या भिंतीला जी खिडकी काढलीस ती मला फार आवडली. तशी खऱ्या भिंतीला काढता येईल का? गवंडी म्हणतो, जाणत्याला विचारा. मोजमाप तू घेऊन गेलाच आहेस. सवडीनं कळव. घाई नाही.’ शेवटचे दोन शब्द नक्की तिचेच. ते त्यानं तंतोतंत पाळले होते.

काल दुपारी त्याला बोलावलं होतं ते त्याच सिनेमासाठी. एका कॉलेजात सिनेमावर व्याख्यानमाला होती, ‘घरं, भिंती आणि विषमता’ असं काहीतरी नाव होतं, आणि त्या सिनेमावर काम केलेल्यांपैकी हातीपायी धड असा तो एकटाच उरला होता. दिग्दर्शक गेला, कॅमेरामन गेला, दारवानाचं काम करणारा नट तर सिनेमा लागला त्याच वर्षी गेला. फोनवर प्राध्यापिका इतक्या आदरानं बोलली की ‘मला बोलता येत नाही’ हे त्याचं खरं वाक्य तिला विनय वाटलं. तो हो म्हणाला. एरवीही तो हो म्हणायचा, नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं म्हणून. घरी कुणाला सांगायचं नव्हतं, आणि घरी होतं तरी कोण! पण दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन. “बाळा, कॉलेजच्या फाटकावर तुझं नाव लागलंय म्हणे. सांगितलं नाहीस ते?” तो म्हणाला, “अगं, जुनाच सिनेमा आहे.” “मग मी कुठे नवी आहे? येते मी.” पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला बाळ म्हणणारं जगात एकच माणूस शिल्लक असतं. ताईला नको म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

अंधार झाला आणि पडद्यावर मोठं घर आलं. मोठ्या घरात दारं उघडायची नोकरी करणाऱ्या माणसाची ती गोष्ट. दिग्दर्शक त्याला पहिल्या भेटीत म्हणाला होता, “हे बघा, मला श्रीमंती दाखवायला झुंबरं नकोत. झुंबरं तमाशाच्या तंबूतही असतात. मला मोकळी फरशी द्या. माणूस एका दारातून निघाला आणि दुसऱ्या दारापर्यंत पोचेस्तोवर प्रेक्षकाला खोकला आला पाहिजे.” त्यानं तशी फरशी दिली होती. दारामागे दार, त्यामागे दार, आणि प्रत्येक दोन दारांमध्ये कशासाठीच नसलेली जागा. दारवान पाहुण्याचं कार्ड तबकात घेऊन निघतो आणि चालतच राहतो, त्याच्या बुटांचा आवाज त्याच्यापुढे जातो, मागे राहतो, भिंतीवरून परत येतो. मालक दिसतो तो टोकाला, बोटाएवढा. त्या घराच्या भिंती त्यानं महिनाभर खपून उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्याविषयी त्याला काडीचंही काही वाटत नव्हतं. कारण ते घर त्यानं मासिकांतल्या चित्रांवरून केलं होतं. चित्रातली माणसं ओरडत नाहीत.

मग दारवान रात्री घरी येतो, आणि पडदा एकदम भरून जातो. खाट, फळी, पाण्याचं पिंप, दोरीवरचे कपडे, स्टोव्ह, चार माणसं. कॅमेरा जमिनीलगत, खाटेच्या पायाशी. समीक्षकांनी त्या काळी यावर रकाने लिहिले होते. हे ‘कॅमेऱ्याचं जमिनीशी इमान’ आहे असं एकानं म्हटलं होतं, आणि त्यानं ते कात्रण कापून ठेवलं होतं. खरी गोष्ट अशी की कला शाळेची पाच वर्षं तो त्याच जागी झोपत होता. ताई-भावजींच्या खाटेच्या पायाशी, डोकं फळीखाली आणि पाय दाराशी. त्यामुळे दार कधी पुरतं लागायचं नाही. तिथून जग जसं दिसायचं तसं त्यानं दिग्दर्शकाला काढून दाखवलं. पिंपाचं बूड, ताईच्या टाचा, खाटेखाली सरकवलेली त्याची चित्रांची वळकटी. फळीवरचा डबा काढायचा तर भावजींना खाटेवर पाय घ्यावे लागत, पाय घेतले की त्याला भिंतीशी सरकावं लागे, तो सरकला की दार उघडे, दार उघडलं की स्टोव्ह विझे. “जरा पाय घ्या,” ताई दिवसातून पन्नासदा म्हणायची. ते वाक्य त्यानं पटकथेत सुचवलं होतं. काल सभागृहात त्या वाक्याला हशा पिकला. तिसऱ्या रांगेत ताईही हसली. तिचं हसू गर्दीतून वेगळं ओळखू येतं, शेवटी एक उचकी लागल्यासारखं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ असं म्हणतात, पण त्या अंधारात दात कुणाचे आणि ओठ कुणाचे हेच त्याला कळेना.

माप घेतलं तो दिवस त्याला सिनेमापेक्षा स्वच्छ आठवत होता. तोवर तो तिथून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती. न कळवता गेला, खिशात टेप. “धर गं ताई, जरा टोक,” तो म्हणाला, आणि तिनं हातातलं काम टाकून, हात पुसून, टेपचं टोक भिंतीला टेकवलं. “घट्ट धर, ढिलं पडलं की माप चुकतं.” तिनं दोन्ही हातांनी दाबून धरलं, लहानपणी पतंगाची फिरकी धरायची तसं. लांबी झाली, रुंदी झाली, उंचीसाठी ती खाटेवर चढली. फळीमागचं माप हवं म्हणाला तर तिनं सगळे डबे उतरवून खाली मांडले. “कशाला रे एवढं?” तिनं विचारलं, आणि तो म्हणाला, “असंच. कामाला लागेल.” हे खोटं नव्हतं. पण त्या एका ‘असंच’वर तिनं काय काय उभं केलं ते त्याला पुष्कळ उशिरा भावजींकडून कळलं. दोन्ही बाजूच्या शेजारणींना तिनं सांगितलं होतं की भावानं मोजमाप नेलंय, आता खोलीचं काहीतरी करणार. त्याचा तर धंदाच तो, एका रात्रीत महाल उभे करतो. वर्षभर तिनं भिंतीला रंग लावू दिला नव्हता. उगाच खर्च कशाला, बाळ सगळंच करणार आहे ना!

बाळनं केलं. पण स्टुडिओत, प्लायवूडची, आणि तीन भिंतींची. चौथी कॅमेऱ्यासाठी सोडलेली. तीनपैकी एक चाकांवर होती, हवी तेव्हा ढकलून बाजूला करता यायची. खोली सेटवर उभी राहिल्यावर तो एकटाच आत जाऊन बसला होता. वास नव्हता. बाकी सगळं होतं, पिंपाला पडलेला पोचासुद्धा. आणि हवं तेव्हा उठून, न वाकता, न सरकता, नसलेल्या भिंतीतून बाहेर जाता येत होतं. मग त्यानं फेरफार सुरू केले. दिग्दर्शकाला माणूस दबलेला दिसायला हवा होता, म्हणून छत वीतभर खाली घेतलं. दारवान घरात वाकून चालतो. कॅमेरामनला दिवा ठेवायला जागा हवी होती, म्हणून मोरीकडच्या भिंतीला खिडकी काढली. बस्स. त्या खिडकीचा एवढाच इतिहास. पुढे दिग्दर्शकानं तिच्यात दूरवर दिसणारा मोठ्या घराचा उजेड टाकला आणि दारवानाच्या बायकोला तिथे उभं केलं, आणि लोक रडले.

दिवे लागल्यावर प्राध्यापिकेनं माईक हातात घेतला. तरुण होती, हुशार होती, आणि नोंदींकडे न बघता बोलत होती. श्रीमंतांच्या घरात कॅमेरा मागे मागे सरकू शकतो, कारण मागे सरायला जागा असणं हीच मालकी. गरिबाच्या खोलीत तो सरकू शकत नाही, म्हणून तिथे भिंतच काढावी लागते. म्हणजे गरिबाकडे बघायचं तर आधी त्याचं घर मोडावं लागतं. हे ऐकून तो खुर्चीत चपापला. इतकं खरं त्याला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. मग ती खिडकीवर आली. ती म्हणाली, खिडकीतून उजेड येत नाही, खोलीतल्या माणसांवर रोखलेली वरच्यांची नजर आत येते, आणि असं म्हणून तिनं दुजोऱ्यासाठी त्याच्याकडे पाहिलं. कॅमेरामनचा दिवा त्याच्या अगदी जिभेवर आला होता. त्यानं मान डोलावली. जन्मभर तो मान डोलावतच आला. हुशार माणसं आपल्या कामाविषयी बोलू लागली की त्याला वाटायचं, असेलही, आपल्याला काय कळतंय.

“आणि याच खिडकीची एक हकीकत आहे,” ती म्हणाली. “दिग्दर्शकांनी मुलाखतीत सांगितलेली. सिनेमा पाहून एका प्रेक्षक बाईंचं पत्र आलं. अगदी अशाच खोलीत राहणाऱ्या. त्यांनी विचारलं होतं, अशी खिडकी माझ्या भिंतीला काढता येईल का?” सभागृहातून एक लांब सुस्कारा गेला. त्याच्या कानात रक्त भरलं. पत्र आलं तेव्हा, खिडकीच्या दोन ओळीच तेवढ्या दिसतील असा कागद दुमडून, तो ते दिग्दर्शकाला दाखवून बसला होता. का, ते आज सांगता आलं नसतं. कौतुकानं, बहुधा. दिग्दर्शकानं दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि म्हणाला, “बक्षीस गेलं खड्ड्यात, हे खरं बक्षीस.” तेव्हाच सांगायचं होतं की ही माझी बहीण. नाही सांगितलं. कारण तो सगळ्यांना सांगून चुकला होता की खोली त्यानं ‘अनेक वस्त्यांचं निरीक्षण करून’ केली. मग दिग्दर्शक जाईल तिथे ही गोष्ट सांगू लागला. दर खेपेला बाई जरा अधिक गरीब, अधिक दूरची आणि अधिक अडाणी होत गेली. तो मंचाच्या कडेला बसून ऐकायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं चांदणं पंधरावीस शहरांत पडलं. आणि ताईच्या कानावर हे कधी जाण्याचा संभव नव्हता. व्याख्यानांना ती कशाला जाईल!

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्याला तिच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून तो पर्सकडे बघत राहिला. मागच्या बाजूनं एक दाढीवाला मुलगा उठला. अगदी साधा प्रश्न विचारला त्यानं. “सर, त्या बाईंना कुणी उत्तर दिलं का?” माईक त्याच्या हातात आला. गार होता. ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण त्याला मोठ्या घराच्या फरशीसारखा लांबच लांब दिसला. टोकाला कुणीतरी बोटाएवढं बसलेलं. “दिलं होतं,” तो म्हणाला. “मीच दिलं होतं.” प्राध्यापिकेचा चेहरा उजळला. “खरंच? हे कुठेच नोंदलेलं नाही. काय लिहिलंत, सर?” खोटं एकदा जिना चढायला लागलं की मधल्या पायरीवर बसत नाही. “लिहिलं, की... काढता येईल म्हणून. खिडकी.” आधी दोघेचौघे, मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. ताईनं आजूबाजूला पाहिलं, पर्स काखेत धरली, आणि सगळ्यांच्या किंचित मागून तिनंही टाळ्या वाजवल्या.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. तो शेजारी बसला, आणि आता बोलेल, आता बोलेल म्हणून अंग चोरून वाट बघत राहिला. ती बोलली. “खुर्च्या काय मऊ होत्या रे. मधल्या भागात मला डुलकीच लागली, खरं सांगते.” मग म्हणाली, “ती मास्तरीण हुशार आहे हो. कॅमेऱ्याला मागे सरायला जागा नाही म्हणे! अगं बाई, मलाच नव्हती, तू कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलीस!” आणि स्वतःच्याच विनोदावर ती उचकीसारखं हसली. तो हसला नाही. तिनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? चांगलं बोललास की. घसा बसला होता जरासा, पण मागेपर्यंत ऐकू गेलं.” मागेपर्यंत ऐकू गेलं. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला धरून माणूस वर येतो. ताईला टोमणे मारता येत नव्हते असं नाही. भावजींना ती उभ्या उभ्या सोलून काढायची. पण त्याच्या वाट्याला ते कधी आलं नाही, पाहुण्याला शिळं वाढत नाहीत तसं. त्याला वाटलं, त्या खोलीत पाच वर्षं राहून आपण शेवटपर्यंत पाहुणेच राहिलो, आणि पाहुण्यानं जाताना घरच उचलून नेलं.

तिला दारापर्यंत सोडायचं आणि परत फिरायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण ती म्हणाली, “चहा घे, मग जा,” आणि तो जिना चढला. तिनं आत शिरताच ट्यूब लावली. बाहेर चांगलं ऊन होतं, चहाची वेळ होती, आणि त्या खोलीत दिव्याशिवाय कप दिसला नसता. तो उंबऱ्यातून आत आला आणि तिनं वळून पाहिलं. “वाकतोस काय?” तो गोंधळला. तो खरोखरच वाकला होता. छत डोक्याच्या हातभर वर होतं. “हेही तसेच,” ती स्टोव्हऐवजी आलेल्या गॅसपाशी जात म्हणाली. “तुझा सिनेमा बघून आले आणि घरात वाकून चालायला लागले. मी म्हणायची, अहो, ते खोटं छत होतं, आपलं उंच आहे, सरळ चाला! ऐकतील तर ना. शेवटी शेवटी पाठच तशी झाली. डॉक्टर म्हणाले वयामुळे.” ती हे गमतीची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. तो खाटेच्या कडेवर टेकला. भावजी सहा फुटी माणूस. ताठ चालायचे म्हणून चाळीतली पोरं त्यांना ‘खांब’ म्हणायची. त्या वीतभर प्लायवूडची गोष्ट त्याला आज पहिल्यांदा कळत होती.

मोरीकडच्या भिंतीमागून एक खोल घरघर आली आणि फळीवरच्या कपबश्या किणकिणल्या. तो दचकला. “काही नाही रे, गाड्या चढतात,” ती म्हणाली. मागचं गोदाम पाडून तिथे गाड्या ठेवायची इमारत उभी राहिली होती, एकावर एक कप्पे, आणि गाड्या पाळण्यातून वर जाऊन आपापल्या कप्प्यात बसत. तिची भिंत आणि त्या इमारतीची भिंत यांच्यात हात शिरेल एवढंच अंतर. “एकेका गाडीला एकेक खोली. स्वतंत्र. पाय घ्यायला नको की काही नको,” ताई म्हणाली. “आवाजाचं आता काही वाटत नाही. सोबतच होते.” त्यानं चहा घेतला. साखर कमी होती, त्याला लागते तेवढीच. मग त्यानं सगळं बळ एकवटलं. “ताई, ते मघाशी... उत्तर दिलं म्हणालो मी...” तिनं त्याला पुरं करू दिलं नाही. “जाऊ दे रे,” ती पटकन म्हणाली. “चारचौघांत विचारलं तर माणूस काय सांगणार! त्या पोरालाही काही कळत नाही, म्हाताऱ्या माणसाला भर सभेत विचारायचं असतं का?” आणि त्याच्या हातातला कप तिनं उचलून नेला. त्याला हायसं वाटलं. हे सगळ्यात वाईट होतं, की वाटलं. जिना उतरताना तो जवळजवळ हलका झाला होता, आणि रस्त्यावर आल्यावर त्या इमारतीच्या बिनखिडकीच्या करड्या भिंतीकडे बघताना त्याला कळलं की तिनं आपल्याला माफ केलं ते मघाच्या खोट्याबद्दल. पत्राबद्दल ती काही बोललीच नव्हती. ते अजून तसंच होतं, आलेल्या दिवसाइतकं कोरं, घाई नाही म्हणून.

आज सकाळी तो टेबलाशी बसला. त्याच्या घराला तीन बाजूंनी खिडक्या होत्या आणि पुस्तकांचे पुठ्ठे उन्हानं विटतात म्हणून तिन्हींवर पडदे होते. फोन टेबलावरच होता. पण फोनवर ती ‘जाऊ दे रे’ म्हणणार. दोन वाक्यं होऊ देणार नाही. समोर गेलं तर चहा करणार. माफ करून टाकण्याची तिची घाई त्याला ठाऊक होती, आणि त्या घाईवरच तो इतकी वर्षं तगून होता. पत्राला मात्र तिला मध्ये तोडता येणार नाही. ते तिला शेवटच्या ओळीपर्यंत वाचावंच लागेल, ट्यूबखाली धरून, चष्मा लावून. पहिला कागद त्यानं भिंतीवर खर्ची घातला. कोणती भिंत भार पेलते, कोणती नुसता आडोसा असते, वरच्या तुळईचं वजन कुठे उतरतं. वाचून पाहिलं तर ते पत्र अगदी बरोबर होतं आणि त्याच्यामागे लपायला भरपूर जागा होती. दुसऱ्या कागदात भावजी आले, पाठ आली, अश्रू आले, आणि प्रत्येक वाक्याला पटकथेचा वास येऊ लागला. दिग्दर्शकानं डोळे पुसले असते. तोही त्यानं फाडला.

तेव्हा का लिहिलं नाही, हे त्यानं स्वतःला पुन्हा विचारलं, दरवेळेसारखी तयार उत्तरं बाजूला सारून. वेळ नव्हता, हे खोटं. विसरलो, हे त्याहून खोटं. ‘काढता येईल’ लिहिलं असतं तर पुढचं वाक्य ‘मी येतो’ असं लिहावं लागलं असतं. मग घरमालक, गवंडी, धूळ, दोन दिवस तिथे उभं राहणं, शेजारणी. हे खरं होतं, पण याच्याही खाली काहीतरी होतं आणि तिथे हात घालायला तो भीत होता. त्याला ती खोली तशीच राहायला हवी होती. भिंत फोडून ऊन आत आलं असतं तर सिनेमातली खोली खोटी पडली असती. त्याच्या नावावर असलेली एकच चांगली गोष्ट बहिणीच्या अंधारावर उभी होती, आणि कुठेतरी आत, शब्दांत कधीही न आणता, त्यानं तो अंधार सांभाळायला तिच्याकडेच ठेवला होता. हे लिहावं का? लिहिलं तर ती समजूत घालायला धावत येईल. त्यानं तिसरा कागद घेतला, आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

‘प्रिय ताई, तुझं पत्र मिळालं. मोरीकडच्या भिंतीला खिडकी काढता येईल का, असं तू विचारलं होतंस. येत होती. त्या भिंतीवर काही भार नव्हता आणि पलीकडे गोदामाचे पत्रे आणि वर मोकळं होतं. माप घेतलं त्याच दिवशी मला हे दिसलं होतं. तू टोक धरलं होतंस तेव्हाच. आता काढता येणार नाही. ती खोली तुझी आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही. काल उत्तर दिलं म्हणालो, ते हे. बाळ.’

पुन्हा वाचलं असतं तर ते पाकिटात गेलं नसतं. म्हणून वाचलं नाही. पायात चपला सरकवून तो तसाच खाली उतरला. औषधांच्या दुकानापाशी लाल पेटी होती, तिच्या तोंडावर धूळ होती, आणि हिच्यात हल्ली कुणी काही टाकतं की नाही अशी त्याला शंका आली. शंका आली की परत फिरायचं, ही त्याची जन्माची सवय. त्यानं पाकीट आत ढकललं. आत ते कुठेतरी पत्र्याला लागून पडल्याचा बारीक आवाज झाला. ती वाचेल. चष्मा काढून ठेवेल. काय म्हणेल ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ताई काय म्हणेल हे ठाऊक नसण्याची ही पहिलीच वेळ होती. तो तिथेच उभा राहिला. थोड्या वेळानं पोस्टमन सायकलवरून आला, किल्ली लावून त्यानं पेटी उघडली, आणि आतली चार पाकिटं पिशवीत घालता घालता त्याचं लक्ष या उभ्या म्हाताऱ्याकडे गेलं.

“काय आजोबा, चुकून काही टाकलंत का? एकदा आत पडलं की मला परत देता येत नाही, आधीच सांगतो.”

“नाही,” तो म्हणाला. “चुकून नाही.”